वजा चिन्हाचा मोबाईल नंबर

मुकुंदवाडीच्या त्या संगणक क्लासमध्ये चालू प्लग एकच होता, तोही शेवटच्या बाकाजवळ. पहिल्याच शनिवारी तनुजाचा लॅपटॉप चार टक्क्यांवर आला, तेव्हा त्या प्लगमध्ये दुसऱ्याचा चार्जर होता.

"काढू का तुमचा?"

"काढा. तसंही मला यातलं काही समजंना." देवगाव रंगारीहून येणारा सुदर्शन बाजूला सरकला.

तनुजा तिथंच बसली. पुढचे आठ शनिवार तिथंच बसत राहिली. सरांचं शिकवून झालं की ती त्याला पुन्हा समजावायची.

"व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा. आत काय ठेवायचं ते आधी ठरवायचं. नावाला अक्षरांचा डबा, वयाला पूर्ण संख्येचा, टक्क्यांना अपूर्णांकाचा."

"आणि ते बूलियन?"

"त्यात फक्त हो किंवा नाही."

"'बघू, सांगते नंतर…' असलं नाय बसत?"

"नाही बसत."

"लई कडक डबा आहे." तो खिडकीबाहेर बघत हसला. तनुजाने उगाच चार्जरची वायर गुंडाळली — आणि पुन्हा सोडली.

शेवटच्या शनिवारी प्रत्येकाने नाव, वय आणि मोबाईल नंबर साठवणारा प्रोग्रॅम लिहायचा होता. तनुजाचा सगळ्यात आधी झाला. सुदर्शनने तिचा लॅपटॉप ओढला, तिन्ही रकाने भरले आणि हळू आवाजात म्हणाला,

"उद्या घरचे मला मुलगी बघायला पाचोडला नेणारेत. दहाला निघायचंय. त्याआधी तुझा फोन आला… तर मी जाणार नाय."

"आणि नाही आला तर?"

"तर जाईन. परत विचारून तुला त्रास देणार नाय."

एवढं बोलून तो बस गाठायला निघून गेला.

रविवारी सकाळी साडेआठला तनुजाने धीर करून ती नोंद उघडली. नाव बरोबर, वय बरोबर. मोबाईल नंबरच्या जागी मात्र वजा चिन्ह आणि पुढे एक अनोळखी आकडा.

क्लासच्या ऑफिसात नंबर मिळाला असता, पण रविवारी ते बंद. ऑफिस सांभाळणाऱ्या रत्नमाला मॅडमना घरी फोन करावा, तर त्या तनुजाच्या आत्याच्या शेजारी राहायच्या. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं असतं.

तिने प्रोग्रॅम वाचला. चूक तिचीच होती. मोबाईल नंबरची कुणी बेरीज-वजाबाकी करत नाही. तो अक्षरांच्या डब्यात ठेवायचा. तिने पूर्ण संख्येचा डबा दिला होता आणि दहा आकडी नंबर त्यात मावला नव्हता. पण तो हरवलाही नव्हता. डब्याची मर्यादा संपली की मोजणी दुसऱ्या टोकाला, उणे संख्यांपासून पुन्हा सुरू होते. एका फेरीत ४२९४९६७२९६ संख्या. म्हणजे फेऱ्या परत मिळवल्या, तर…

तिने कागद घेतला. एक फेरी मिळवली. तीनने सुरू होणारा आकडा आला. असा मोबाईल नंबर नसतो. आणखी एक मिळवली. दहा आकडे, सुरुवात सातने. तिसरी मिळवली तर अकरा आकडे होत होते. म्हणजे हाच. तरी तिने बेरीज दोनदा तपासली.

नऊ चाळीसला तिकडे फोन वाजला.

"हॅलो, कोण?"

आवाज त्याचाच होता. तनुजाने भिंतीला पाठ टेकली.

"मी… तनुजा."

पलीकडे गाडीचा हॉर्न वाजला.

"मला वाटलं, तुझं उत्तर 'नाही'च आहे," तो म्हणाला.

"नंबर शोधत होते. निघालास?"

"चप्पल घातलीय. कडुबामामा गाडीत बसलेत."

"मग काढ चप्पल."

हॉर्न पुन्हा वाजला. फोन कानापासून दूर गेल्यासारखा झाला आणि त्याचा आवाज तिला लांबून, पण स्पष्ट ऐकू आला — "मामा, गाडी बंद करा. आणि पाचोडला आधी फोन लावा, त्या लोकांना ताटकळत ठेवू नका."