उतरायचा ठोका

दादाचा फोन आला तेव्हा ती कुणाच्या तरी छपरावर बसून डबा खात होती. छपरं दुरुस्त करणं हाच तिचा धंदा, आणि जेवायला खाली उतरायचा तिला पहिल्यापासून कंटाळा.

"आईच्या खोलीतला डाग परत पसरलाय," दादा म्हणाला. "किती जण बघून गेले. दरवेळी कौलं बदलली, डाग आपला जिथल्या तिथे. आता मी तिला रविवारी माझ्याकडे घेऊन जातो. घर काढून टाकू."

काढून टाकू, हे तो जुन्या चपलांबद्दल बोलावं तसं म्हणाला. तिनं डबा मिटला. त्या घराखेरीज आई कुठे राहू शकेल हे तिला डोळ्यांपुढे आणताच येईना. आणि खरं सांगायचं तर, आई तिथे नसेल तर आपल्याला जायला दुसरं कुठलं घर आहे, हाही प्रश्न होताच.

"मला एक दिवस दे," ती म्हणाली. "गळती सापडली नाही तर ने तिला. मी ब्र काढणार नाही."

शनिवारी दुपारी ती पोचली. दादा आधीच आला होता. गल्लीच्या टोकाचं बैठं घर, उतरतं कौलारू छप्पर, मागच्या अंगाला स्वयंपाकघराचं धुराडं. आईनं दार उघडलं, तिला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, "हाडं राहिलीत नुसती. आणि हे नख काय झालंय?" आईचं वय झालं होतं, पण नजर आणि स्मरण दोन्ही खणखणीत. गल्लीतल्या कोणाच्या घरी कधी काय झालं हे लोक तिला विचारायला यायचे.

डाग पलंगाच्या बरोबर वर होता. कडेला तपकिरी, मध्ये काळपट. तिनं स्टुलावर चढून बोट लावलं. लाकडी फळी मऊ लागली. अजून एक पावसाळा झाला असता तर ती फळी आईच्या अंगावरच आली असती.

"सगळ्यांनी डागाच्या वरचीच कौलं बदलली ना?" तिनं विचारलं.

"मग कुठली बदलायची?" दादा दारातून म्हणाला.

"पाणी असं सरळ पडत नाही रे. आत कुठेतरी शिरतं, वाशावरून घरंगळत येतं आणि वाट संपली की टपकतं. बाबा सांगायचे ते विसरलास? डागावर विश्वास ठेवायचा नाही."

बाबांचाही हाच धंदा. त्यांची गळती शोधायची एक रीत होती, आणि त्या रीतीत धाकटीची जागा ठरलेली होती. बाबा वर छपरावर, ती आत माळ्यावर, अंधारात. डोळे अंधाराला सरावले की कौलांच्या फटींतून उजेडाचे ठिपके दिसू लागत. केसाएवढ्या फटीतूनही उजेड आत येतोच. मग त्या प्रत्येक फटीतून तिनं झाडूची एकेक काडी वर सारायची. बाबांना बाहेरून छपरावर काड्या उगवलेल्या दिसायच्या, आणि तिथे तिथे ते कौल उचलायचे. कौलांच्या जाडीतून हाक नीट ऐकू येत नाही म्हणून बोलणं ठोक्यांचं. वरून दोन ठोके म्हणजे, आहेस का? आतून एक ठोका, आहे. आणि शेवटी वरून तीन संथ ठोके आले की खाली उतरायचं. त्याआधी जागा सोडायची नाही. अंधारात भलत्या फळीवर पाय पडला तर माणूस थेट खालच्या खोलीत, म्हणून हा नियम कडक होता.

बाबा तिला उंदीर म्हणायचे. माळ्यावर खुडबुड करते म्हणून.

किती सुखाच्या दुपारी होत्या त्या! धुळीचा आणि जुन्या तागाच्या पोत्यांचा वास, वर बाबांची पावलं, आणि वाट बघता बघता काडीचं टोक चावत बसायचा तिचा चाळा. आई ओरडायची, बाबा हसायचे. "उंदीर आहे तो, कुरतडणारच."

मग एका दुपारी बाबा याच घराच्या छपरावर काम करता करता बसले ते उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं. शेजाऱ्यांनी त्यांना उतरवलं, घर माणसांनी भरलं, आणि त्या गडबडीत माळ्यावर एक मुलगी बसली आहे याची कुणालाच आठवण राहिली नाही. संध्याकाळी आई शिडी चढून वर गेली. पोर काडी धरून तशीच बसलेली. "अजून ठोका आला नाही," एवढंच म्हणत होती. आईनं तिला अक्षरशः ओढून खाली आणलं.

त्यानंतर तिनं आयुष्यभर छपरं पालथी घातली, पण माळ्यावर मात्र कधी पाऊल ठेवलं नाही.

"आज आत तू बस," ती दादाला म्हणाली.

दादा शिडी चढला. माळ्याच्या झडपेतून डोकं गेलं, खांदे गेले, आणि पोट अडकलं. वर जाईना, खाली येईना. आई पदर तोंडाला लावून हसत होती. दोघींनी पाय धरून त्याला खाली ओढलं तेव्हा तो लालबुंद झाला होता.

"झडप लहान झालीये," तो म्हणाला.

"हो ना. लाकूड आटतं," ती म्हणाली.

दादा नवी कौलं आणायला निघून गेला आणि ती एकटीच छपरावर चढली. आतलं माणूस नसेल तर कानानं काम भागवायचं. धड कौल वाजवलं की खणकन वाजतं, तडकलेलं असेल तर भद्द. ती आढ्यापासून एकेक कौल वाजवत निघाली. आभाळ भरून येत होतं. वारा पडला होता, आणि गल्लीत कुठेच आवाज नव्हता.

धुराड्याजवळ पोचल्यावर तिच्या हातानं सवयीनं दोन ठोके दिले.

आतून एक ठोका आला.

ती हसली. दादा परत आला वाटतं. "काय रे, पोट खाली ठेवून आलास का?" तिनं ओरडून विचारलं. तिच्या गुडघ्यापाशी, दोन कौलांच्या मधून, एक काडी हळूहळू वर आली.

नंतर दुसरी. मग थोड्या अंतरावर तिसरी. एका ओळीत, वाशाच्या रेषेत, डागापासून थेट धुराड्याच्या बुडापर्यंत. तिला इतका आनंद झाला की काय सांगावं. पाण्याची वाटच कुणीतरी आखून दिली होती. धुराड्याच्या बुडाशी बसवलेला पत्रा गंजून उचलला गेला होता. बाहेरून बघणाऱ्याला तो धड दिसला असता. सगळं पाणी तिथून आत शिरत होतं.

तिनं एक काडी उपटून काढली. टोक चावलेलं होतं. आणि ओलं होतं.

खाली अंगणात आई दोरीवरचे कपडे काढत होती.

"आई... दादा आला का गं?"

"नाही अजून."

"मग माळ्यावर कोण आहे?"

आईनं वर पाहिलं. चेहऱ्यावर आश्चर्य वगैरे काही नव्हतं.

"तूच की," ती हळू म्हणाली. "मी खाली ओढून आणली ती गप्प पोर होती. हसणारी वरच राहिली... मला रात्री ऐकू येते ती. म्हणून तर इथून हलत नाही मी."

आणि कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून आई आत गेली.

तिनं तेव्हाच उतरून जायला हवं होतं. पण पाऊस तोंडावर आला होता, आणि उचललेला पत्रा तसाच ठेवून निघून जाणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं धुराड्याजवळची कौलं काढली. आत काळोखाचं भोक उघडलं. त्यातून धुळीचा, पोत्यांचा वास आला, आणि शाळेत असताना तिच्या वेण्यांना आई लावायची त्या तेलाचा. भोकाच्या कडेला चार लहान बोटं होती. नखांत काजळी.

भीती वाटलीच. पण भीतीहून जास्त माया दाटून आली. एवढी वर्षं हे लेकरू नियम पाळत बसलं होतं. बाबा उठतील आणि ठोका देतील म्हणून.

"आता थोडंच राहिलंय हं..." ती पुटपुटली.

बोटं आत गेली. तिनं गंजका पत्रा उचकटला, पिशवीतला नवा बसवला, कडा दाबल्या, सांध्यात डांबर भरलं, कौलं जागेवर सरकवली. काम चोख झालं. बाबांनी पाठ थोपटली असती. सगळ्या काड्या आत ओढल्या गेल्या होत्या, एकेक करून, आपापल्या.

मग तिनं कौलावर तीन ठोके दिले. संथ. बाबा द्यायचे तसे.

आत हलकी पावलं धावली. झडप करकरली. तिचे डोळे वाहत होते आणि छातीवरचं एक जुनं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. फार हलकं वाटत होतं. जरा जास्तच हलकं.

ती शिडीवरून खाली आली. दार लोटलेलं होतं. खिडकीतून तिला आईची पाठ दिसली. आई पलंगावर बसून टॉवेलनं कुणाचं तरी लहान डोकं पुसत होती. "किती ही धूळ... हलू नकोस गं..."

"आई."

आई खिडकीशी आली. चेहरा उजळला होता, पण तिला बघून नव्हे.

"झालं का हो काम?" आईनं विचारलं. "मुलगा येईलच एवढ्यात. बसा ओट्यावर."

"आई, मी आहे. अगं, मी..."

आईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. मघाशी याच नजरेनं तिचं काळं पडलेलं नख हेरलं होतं. आता त्या नजरेत ओळखीचं काहीच नव्हतं, फक्त परक्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून आणलेलं हसू. "चुकताय तुम्ही," आई म्हणाली. "माझी लेक आत आहे."

तेवढ्यात दादा आला, खांद्यावर कौलांचं पोतं. "अगं, बाहेर काय उभी? चेहरा असा का झालाय?"

तिनं त्याची बाही घट्ट धरली. "दादा, आत जाऊ नकोस... आधी माझं ऐक."

"वेडी आहेस का?" त्यानं हसून बाही सोडवली, पोतं खाली ठेवलं आणि दार ढकललं. "आई, ही बघ ना, काय..."

तो उंबऱ्यात तसाच थांबला. मग त्याचे खांदे गदगदले आणि एवढा जाडजूड माणूस गुडघ्यांवर बसला.

"अगं उंदरा," तो म्हणाला.

त्याच्या गळ्याभोवती दोन काजळलेले लहान हात पडले.

"दादा!" बाहेरून तिनं हाक मारली. त्यानं वळून पाहिलं. कोण बोलावतंय हे आठवायचा क्षणभर प्रयत्न केला, आणि सोडून दिला.

"पाऊस येतोय बाई," तो सभ्यपणे म्हणाला. "निघा तुम्ही. आई, दार लाव गं, वारा आत येतोय."

कडी लागली. आत कुणीतरी दिवा लावला. पाऊस सुरू झाला, चांगला धो धो, आणि छपरातून एक थेंबही आत गेला नाही.