कोरड्या बादल्या

"होडेकाकू, माणूस मरायच्या आधीच घरातलं पाणी कोण ओतून टाकतं हो?"

हिंमत असेल तर विचारून दाखव, असं मैत्रिणी म्हणाल्या होत्या. मिंडल कसली घाबरतेय! शाळेच्या नाटकात नुकतीच राणी होऊन टाळ्या घेतलेली पोरगी ती.

ही खरी गोष्ट आहे. विल्नाचा घेटो, म्हणजे नाझींनी आम्हा ज्यूंना कोंडलेली वस्ती, १९४३चा फेब्रुवारी, शाळा सुटायची वेळ. आमच्या अंगणातली कुठलीही बाई शपथेवर सांगेल.

रविवारी एक ख्रिस्ती शेतकरीण मिंडलला आपली भाची म्हणून लपवायला घेटोबाहेर नेणार होती. एकटीलाच. मैत्रिणींना सांगायची बंदी होती. आणि मिंडलने आई-बाबांना अजून हो म्हटलं नव्हतं.

होडेकाकू मेलेल्या बायकांना आंघोळ घालायची. आपल्या ज्यूंमध्ये मयत झालं की घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून देतात. पण हल्ली...

"मी नाही गं ओतत," काकू हळूच म्हणाली. "मी पोचते तेव्हा बादली कोरडीच असते. आणि माणूस अजून श्वास घेत असतं."

"भूतच की!" मैत्रिणींतली त्सिपा फिदीफिदी हसली. "मिंडल, तुझ्याकडेपण येईल हं!"

"येऊ दे. आधी नळाच्या रांगेत उभं करीन त्याला!"

पोरी खिदळल्या.

तेवढ्यात जिन्यावर बदाबदा पाणी पडल्याचा आवाज आला...

पायऱ्या कोरड्या ठणठणीत.

वरून एक बाई ओरडली, "कुणी नेलं गं माझं पाणी? आत्ता तर भरलं होतं!"

"माझीपण बादली कोरडी!"

"अगं, माझीपण!"

समोरच्या घरातही तेच...

सगळी माणसं जिवंत होती. भांडत होती, सूप ढवळत होती.

होडेकाकूने अंगणातलं एकेक दार मोजलं. "सगळ्यांचंच...?"

मिंडल धावत घरी गेली.

बादली कोरडी. आईचा पेला कोरडा. बाबांचा कोरडा.

मिंडलचा मात्र काठोकाठ भरलेला...

आईने हातातलं शिवण खाली ठेवलं. किती दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं.

"बघ सोन्या, तू वाचणार. आता तरी नाही म्हणू नकोस."

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मिंडलने पेला उचलला. खिडकी उघडली.

ओतून दिला.

खाली पाणी पडल्याचा आवाज काही आला नाही...

"काय केलंस गं हे!"

"मी रविवारी जाणार नाही," मिंडल म्हणाली. "आई, बाबा, सांगून ठेवते. मी तुमच्याबरोबर इथेच राहणार."