पुसलेला पट्टा

कुत्र्यांचे फोटो काढते म्हणून तिला सगळे फोटोवालीच म्हणत, आणि त्या धंद्यातली लबाडी तिच्या अंगवळणी पडली होती. मोकळ्या मैदानात राजासारखा बसलेला कुत्रा मोकळा कधीच नसतो. त्याला पट्टा असतो आणि पट्टा धरणारं माणूसही असतं. घरी आल्यावर कॉम्प्युटरवर आधी माणूस पुसायचं, मग पट्टा पुसायचा आणि त्या जागी गवत भरायचं. मालक खूश, आणि कुत्र्याला त्याचं काय!

ओळखीच्या काकू आपल्या कुत्र्याला, भुंग्याला घेऊन मैदानावर आल्या तेव्हा त्याच्या बरगड्या लांबूनही दिसत होत्या. काका गेले आणि त्यानं जेवण टाकलं. जनावरांच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते.

"आहे तोवर एक फोटो काढून ठेव गं," काकू म्हणाल्या. "हे गेले, आता घरात हाच तेवढा माझा."

पट्टा काकांचाच होता. चामड्याची मूठ धरून धरून काळी पडली होती.

"ह्यांच्या तळहाताला फार घाम यायचा," काकू ओशाळून हसल्या. "पेपर वाचायला घेतला की बातम्या हाताला लागायच्या."

भुंग्या काही केल्या बसेना. काकूंचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा फोटोवालीनं त्यांना बाकावर बसवलं, पट्टा त्यांच्या हातातून घेतला आणि गवतावर टाकून दिला. पळायची ताकद त्याच्यात होतीच कुठे? उन्हं कलली होती. वारा पडला होता. तेवढ्यात भुंग्यानं मान वर केली, बाजूला पाहिलं, शेपटी हलवली आणि शहाण्यासारखा खाली बसला. तोंड उघडून चक्क हसला. त्या बाजूला कुणीही नव्हतं. फोटोवालीनं मात्र संधी साधली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. "अगं, जेवला! ताटली चाटून पुसून ठेवली मेल्यानं!" काकूंचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. फोटोवालीला फार बरं वाटलं.

दुपारी ती काम करायला बसली. भुंग्याच्या डोळ्यांत थोडा उजेड वाढवला. मग सवयीनं पट्टा पुसला, त्यावर गवत भरलं, आणि तिचा हात थबकला.

पट्टा तर गवतावर पडला होता. तिनंच टाकला होता. मग आत्ता पुसला तो... तो भुंग्याच्या गळ्यापासून वर गेलेला होता. ताणलेला, पार फोटोच्या कडेपर्यंत. उभ्या माणसाचा हात जिथे येतो, तिथपर्यंत.

फोन वाजला.

"अगं, ह्याला काय झालंय बघ ना..." काकू रडकुंडीला आल्या होत्या. "जेवताजेवता उठला. सगळ्या खोल्यांमधून शोधत फिरतोय. कसा रडतोय गं..."

"कधीपासून?"

"आत्ता. आत्ताच..."

तिनं पडद्याकडे पाहिलं. फोटोतल्या भुंग्याचं तोंड मिटलेलं होतं. ते तिनं केलं नव्हतं.

तिनं केलेलं सगळं एकेक करून मागे घेतलं. गवत गेलं, गळ्यापासून वर वर पट्टा परत आला. फोनवर आता काहीच ऐकू येत नव्हतं.

"काकू...?"

"बसला." काकूंचा आवाज अगदी हळू झाला होता. "दाराशी बसलाय. वर बघतोय..."

"कुणाकडे?"

"विचारू नकोस."

महिन्याभरानं फ्रेम केलेला फोटो ती स्वतः घेऊन गेली. पट्टा होता तसाच ठेवला होता. काकूंनी काचेवरून, पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"हा पुसतेस ना तू नेहमी?"

"राहू दे म्हटलं."

"बरं केलंस हो," काकू म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले. फोटोवालीलाही भरून आलं. भीतीही वाटत होती, खोटं कशाला बोला.

फाटक वाजलं आणि भुंग्या आत आला. अंगानं चांगला भरला होता. गळ्यात पट्टा होता, बरोबर कुणी नव्हतं.

"मी नुसतं फाटक उघडून देते," काकू म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांना कुठलं झेपतंय फिरवणं! जाऊन येतो आपला." त्यांनी पट्टा सोडून तिच्या हातात दिला. "तेवढा खुंटीला अडकव गं."

रस्ताभर फरफटत आलेला पट्टा, पण त्याला धुळीचा कण नव्हता. अडकवायला म्हणून तिनं तो मुठीकडून धरला.

मूठ ओली होती, आणि अजून गरम.