अकराचं विमान

दातांच्या कवळ्या बनवणारा तो तरुण पहिल्यांदा काउंटरवर आला, तो भांडायलाच. तिकीट पुढे सरकवून म्हणाला, "जाताना पाच तास आणि येताना एकच? येताना उतार लागतो की काय?"

विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या त्या मुलीला हसू आवरेना. अंतर दोन्हीकडून सारखंच, एकवीसशे किलोमीटर, तिने समजावलं. विमानाला तीनच तास लागतात. पण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दोन तास पुढे, आणि तिकिटावर उतरण्याची वेळ तिथलीच छापतात.

"म्हणजे येताना दोन तास फुकटात," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "ते... तुमच्याबरोबर चहाला घालवले तर चालतील?"

चालले. त्याची आजारी आई तिकडे थोरल्या बहिणीकडे होती, म्हणून महिन्याकाठी तो जायचा. तिकीट फोनवर मिळत असूनही निघायच्या दिवशी सकाळी आठला तो ऑफिसात चहाला हजर. नखांत कवळ्यांचं गुलाबी मेण, आणि तोंडात कुणाची तरी नक्कल. तिला तो आवडायचा, फार आवडायचा. वर्ष गेलं, पण ओठांवरचं ओठांवरच राहिलं.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. आईचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी तीनला. वाचायची आशा थोडीच, आणि आईचा एकच धोसरा – आधी मुलाचं तोंड बघू द्या. इस्पितळ विमानतळाला लागूनच होतं.

विमानं दोन होती, सातचं आणि अकराचं. सातच्यात जागा होती. पण सातला गेला असता तर आठचा चहा बुडाला असता, आणि उद्या तरी त्याच्या हातावर हात ठेवायचा, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. अकरा आणि तीन, दोन... तासभर हाताशी राहतो.

"अकराचं घ्या," ती म्हणाली.

सकाळी तिने हात ठेवला. त्याने तो बराच वेळ सोडला नाही. साडेअकराला तिकिटाची प्रत फाइलला लावताना तिची नजर उतरण्याच्या वेळेवर गेली. चार. विमान तर उडालं होतं.

आई टेबलावरच गेली. आत नेईपर्यंत ती दाराकडे बघत होती, असं बहिणीने त्याला सांगितलं.

महिन्याने तो आला, निम्मा होऊन. बसला, आणि पहिल्यांदाच तिला एकेरीत म्हणाला, "आता तिकडे जायचं कारण उरलं नाही. माझ्याशी लग्न करशील?"

याच शब्दांसाठी तिने वर्षभर जीव टाकला होता. गप्प राहिली असती तर सगळं पदरात पडलं असतं. तिला गप्प राहवेना.

"सातच्या विमानात जागा होती," ती म्हणाली. "मला तू चहाला हवा होतास... म्हणून अकराचं दिलं. दोन तास मोजायचे राहिले."

तो टेबलाकडे बघतच म्हणाला,

"तिकीट माझ्याच खिशात होतं. चार छापलेलं. मी वाचलंच नाही... मलाही चहाच हवा होता."

तिने हात पुढे केला. त्याने तो क्षणभर कपाळाला लावला आणि हळूच खाली ठेवला.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर. पण आपण एका घरात राहिलो तर रोज दुपारी तीन वाजतील गं."

तो जिना उतरून गेला. तिला त्याच्यामागे धावावंसं वाटलं. पण गाठून सांगायचं काय, ते काही केल्या सुचेना.