आठवा अंक

ताई गेल्यावर तिची खोली आवरायला मी दुपारी गेलो. कपाटाच्या खालच्या खणात चित्रकथांचा गठ्ठा होता. उडते किल्ले, राक्षस आणि प्रत्येक मुखपृष्ठावर जेमतेम कपड्यांतली, तलवार उगारलेली राणी. कथा ताईच्या, चित्रं दुसऱ्याची. मला त्यांची शरम वाटायची. माझ्या सासुरवाडीला मी सांगून ठेवलं होतं, ताई भाषांतरं करते.

"एकदा वाच तरी," ती म्हणायची. बघू म्हणून मी वेळ मारून न्यायचो.

मी मुद्रितशोधक. तांबडी पेन्सिल खिशातच असते. चित्रांवर कोरा कागद धरून मी नुसते संवाद वाचू लागलो.

तिसऱ्या अंकात कळलं, राणी उघडी का. आपलं चिलखत तिनं धाकट्या भावाला चढवलं होतं, आणि त्या भावाला तिच्यासोबत चालायची लाज वाटत होती.

मी कागद बाजूला ठेवला.

पाचव्यात भाऊ बोलताना कानाची पाळी ओढत होता. माझीच सवय. ताईला ती ठाऊक होती, त्यात नवल नव्हतं. सातव्यात तो एका उघड्या कपाटासमोर मांडी घालून बसला होता.

आठव्यात राणी त्याच्याशी बोलली. पानभर. मी डोळे पुसत वाचलं, सवयीनं चार चुका सुधारल्या, शेवटचं वाक्य अर्धवट वाटलं म्हणून समासात प्रश्नचिन्ह केलं. मग पुढचा अंक हवा म्हणून चित्रकाराला फोन लावला.

"नववा?" त्यानं विचारलं.

"आठवा छापलाच नाही," तो म्हणाला. "चित्रं काढून मी त्यांच्याकडे पाठवली होती. संवादांचे फुगे कोरेच होते. भावानं सात वाचले की लिहीन, म्हणायच्या."

मी फोन ठेवला. अंक उघडला.

फुगे कोरे होते.

समासात माझ्या तांबड्या खुणा जागच्या जागी होत्या. मी एकतरी वाक्य आठवायचा प्रयत्न केला. एकही आठवेना. तिनं मला जे सांगितलं, ते मी वाचलं होतं आणि ते गेलं होतं.

शेवटच्या पानावर माझ्या प्रश्नचिन्हाखाली निळ्या शाईत, ताईच्या अक्षरात दोन शब्द होते: 'राहू दे.'

बोट लावलं, तर शाई पसरली.