मोरसळच्या वेशीवरचा पहारा

विषय : मौजे जुने मोरसळ, बुडीत क्षेत्र, येथील वेशीवरच्या पहाऱ्यातून मुक्त करणेबाबत.

संदर्भ : सौ. तनुजा गणराज ढाकणे, राहणार निगडी, यांचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सांगण्यात येते की... हसू नकोस, अजिंक्य. तुम्हा पोरांना भुताची गोष्ट हवी होती. वीज गेलेली आहे, गच्ची अंधारी आहे, सगळं तुमच्या मनासारखं जमलंय. पण जन्मभर ज्या पद्धतीने लिहिलं त्याच पद्धतीने मी सांगणार. विषय आणि संदर्भ आधी आले की आपलं प्रकरण कुणाच्या टेबलावर आहे ते निदान भुताला तरी कळतं.

"काका, भुताला टेबल असतं?"

टेबल असलेली भुतं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. पण हे तसलं नाही.

उद्या गुरुवार. तुम्ही मोरसळला तंबू ठोकायला निघालात, म्हणून सांगतोय. एरवी ही गोष्ट मी या घरात काढत नाही, कारण ज्याच्यावर बेतली तो खालच्याच मजल्यावर राहतो.

गणराजला तुम्ही ओळखता. आपला भाडेकरू. बीडकडचा, चाकणला एका कारखान्यात प्रेसवर आहे. गुरुवारी त्याला सुट्टी. गेल्या वर्षी त्याचं नवीन लग्न झालं होतं, आणि तनुजाला समुद्र दाखवायचं त्याने कबूल केलं होतं. समुद्राला रजा लागते, रजा मिळाली नाही. तेव्हा समुद्राऐवजी धरण. पंधरा मे, वद्य तृतीया. सकाळी मोटरसायकलवर निघाले तेव्हा मी गॅलरीतून ओरडलो, "येताना करवंदं आणा रे." तेवढंच माझं काम होतं.

मोरसळ म्हणजे नवं मोरसळ. जुनं धरणात गेलं, नवं काठावर वसलं, आणि अलीकडे तिथे बीच निघाला आहे. वाळू ट्रकने आली. नारळाची झाडं प्लास्टिकची, त्यांना रात्री हिरवे दिवे लागतात. 'सागर दर्शन' नावाचं लॉज आहे. सागर कुठल्या खिडकीतून दिसतो ते मालकालाही माहीत नसावं. पण दोघांचा दिवस मजेत गेला. नारिंगी जाकिटं घालून होडीत बसले. मासळीचं ताट जेवले. गावातल्या एकुलत्या एका बाजाराच्या गल्लीत तनुजाने शंखांची माळ घेतली. ते शंख रामेश्वरचे, असं दुकानदार शपथेवर म्हणाला. माझी करवंदंही घेतली. उन्हं उतरल्यावर दोघं सोजरबाईंच्या टपरीवर चहाला बसले.

सोजरबाई जुन्या मोरसळच्या. टपरीवरून खाली बघितलं की मे महिन्यात त्यांचं गाव दिसतं. पाणी मागे सरकलं की भेगाळलेल्या गाळातून घरांची जोती वर येतात. भिंती नाहीत, छपरं नाहीत. वेशीचे दोन दगडी खांब मात्र ताठ उभे.

"मावशी, खाली जाता येतं का?" गणराजने विचारलं.

"जावा की. पन दिवेलागनीच्या आत वर या. आन वेशीवर आमचा चुलता आसंल, कोंडीराम. त्याला रामराम करा. कामाचं काय बोलू नका त्याच्याशी."

म्हातारा डोक्याने जरा सरकलेला असेल, असं दोघांना वाटलं. कुणालाही तेच वाटलं असतं.

खाली जायला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला. वेशीपाशी पोचले तेव्हा सूर्य डोंगराआड गेलेला. खांबाला टेकून एक म्हातारा बसला होता. अंगात खाकी कोट, हातात लोखंडी टोपणाची काठी.

"रामराम मामा," गणराज म्हणाला. इथपर्यंत ठीक होतं. पण कारखान्यातला माणूस. खाकी कोट दिसला की त्याच्या तोंडून एकच प्रश्न निघतो. "ड्युटी का?"

"ड्युटी."

"कधी सुटणार?"

"बदली येस्तवर न्हाई."

"म्हणजे रिलिव्हर आला नाही तुमचा?"

म्हातारा म्हणाला, "न्हाई आला. जेवलोबी न्हाई."

आता तुम्ही कंप्युटरवाले, तुम्हाला हे कळायचं नाही. प्रेसवरचा माणूस पाळी संपली म्हणून मशीन सोडून जाऊ शकत नाही. पुढच्या पाळीचा माणूस येतो, शेजारी उभा राहतो आणि म्हणतो, "घेतलं." मग हा हात काढतो. ज्याचा रिलिव्हर येत नाही तो तसाच उभा राहतो, उपाशी, पाय सुजेपर्यंत. गणराज कितीदा तरी तसा उभा राहिलेला. दुसऱ्या कुणी दहाची नोट दिली असती आणि फोटो काढला असता. हा म्हणाला, "जा मामा, जेवून या. मी थांबतो."

म्हाताऱ्याने मान वर केली. "नक्की?"

"अहो, घेतलं म्हणतोय ना."

म्हातारा उठला. काठी गणराजच्या हातात दिली. कोट झटकला आणि चालू लागला.

गावाकडे नाही. पाण्याकडे.

"मामा, वस्ती वरच्या बाजूला आहे!" तनुजा ओरडली.

तो थांबला नाही. पाण्यात शिरला. घोटे... गुडघे... कंबर. चालण्याची गती तीच. पाणी हललं नाही. आवाज नाही. मग खाकी कोट दिसेनासा झाला, आणि पाणी होतं तसं सपाट.

तनुजाने नवऱ्याचा दंड धरला. "अहो, चला. आधी चला इथून."

"रिलिव्हर येऊ दे," गणराज म्हणाला. साध्या आवाजात. कारखान्यातून फोनवर बोलतो तसा.

"कोण रिलिव्हर?"

"येईल की."

ती ओढत होती. तो खांबाला पाठ लावून उभा. ओढून माणूस हलत नाही, असं नसतं. जरा तरी हलतो. हा हलला नाही.

अंधार पडला. चंद्र उगवायला अवकाश होता.

आणि मग मागून... त्या जोत्यांवरून... भाकरी थापल्याचा आवाज आला.

भिंत नाही. चूल नाही. थाप मात्र नीट ऐकू येते. मग बांगड्या. मग कुणीतरी खोकलं. एक मूल किरकिरलं, आणि त्याला गप्प केलं गेलं.

एका बाईचा आवाज, अगदी जवळून. "कोन हाय रं पहाऱ्याला?"

तनुजा नवऱ्याला बिलगली.

गणराज म्हणाला, "मी आहे."

"मंग दार लोटून घ्या गं..." आवाज म्हणाला. आणि एकामागून एक... दारं लागली. जी नव्हतीच ती.

तनुजा धावत टपरीवर आली ती चप्पल टाकून. सोजरबाई बॅटरी घेऊन तिच्याबरोबर निघाल्या, पण वेशीच्या अलीकडेच उभ्या राहिल्या.

"घेतलं म्हनला का त्यो?"

"हो."

सोजरबाई खाली बसल्या. मग त्यांनी सांगितलं. गाव उठलं त्या साली धरणवाल्यांनी कोंडीरामला रोजावर पहारेकरी नेमलं होतं. लोकांची दारं, तुळया, भांडी न्यायची राहिली होती, ती राखायची. बदली पाठवतो, म्हणाले. शेवटचा ट्रक आला तेव्हा लोकांनी हात धरून ओढलं त्याला. "बदली आल्याबिगर न्हाई," म्हणाला. मग पाणी आलं.

"आता याला कोण सोडवणार, मावशी?"

"दुसरं कुनी घेतलं म्हनलं तर. न्हाईतर ज्यांनी बसिवला त्यांनी उठवलं तर." त्यांनी बॅटरी तनुजाच्या हातात दिली. "आमच्या चुलत्याला जेवायला सुदिक कुनी सोडलं न्हाई, पोरी. तुझ्याला तू सोड."

तनुजा परत खांबापाशी गेली. दात वाजत होते, तरी आवाज तिने घरातला काढला. "अहो, जेवणाची सुट्टी झाली. चला."

गणराजने विचार केला. काठी खांबाला टेकवून ठेवली. "जेवून येतो," असं त्या रिकाम्या जोत्यांना सांगितलं, आणि तिच्यामागे निघाला.

"सुटला की मग!" अजिंक्य म्हणाला.

सुटला नाही. जेवायला आला आहे.

दिवसा काही नाही. कारखान्यात जातो, हसतो, क्रिकेटवर भांडतो. पण सूर्य मावळल्यावर तो पानावर बसला की ते जेवण संपता कामा नये. तनुजा ताटात एक घास राहू देते. हात धुऊ देत नाही. ताट उशाशी, हात खरकटा, तसाच तो झोपतो. उजाडलं की हात धुतो. त्या दिवसापासून त्यांच्या घरात रात्रीचं जेवण पूर्ण झालेलं नाही.

हे मला सगळं तनुजाने सांगितलं, आणि मी ते थोतांड समजलो. नोकरीत मी ज्या गोष्टींवर विश्वास ठेवला त्या मानाने ही काहीच नव्हती, तरीही. मग जूनमध्ये गावाकडून गणराजची आई आली, शालनबाई. पोराला खरकट्या हाताने लवंडलेला बघून त्यांचं डोकं फिरलं. "काय गं ही सुनेची रीत!" ताट उचललं, आणि तांब्याने त्याच्या हातावर पाणी घातलं.

मी जिन्यात होतो. गणराज लगेच उठून दाराबाहेर आला, वर बघून हसला. पायात कंपनीचे बूट, गळ्यात ओळखपत्र. "येतो काका. उशीर झाला." बाहेर पाऊस कोसळत होता. धरण भरत होतं. जुन्या मोरसळवर तेव्हा किती पाणी असेल... तुम्हीच अंदाज करा.

तनुजा ताट घेऊन अनवाणी धावली. आमच्या रस्त्याच्या तोंडाशी त्याला गाठलं, आणि भर पावसात त्याच्या तोंडात भाताचा घास कोंबला. "जेवण झालं नाही अजून!" तो थांबला. चावला. परत फिरला. शालनबाई पायरीवर बसून रडत होत्या.

मग मी कागद काढला.

कारण तनुजा म्हणाली, दुसऱ्या कुणाला घ्यायला लावणार नाही. "त्याच्याही घरी कुणीतरी ताट धरून बसेलच की, काका." मग राहिले नेमणारे. ज्या खात्याने कोंडीरामला नेमलं त्याचं नाव मी घेत नाही. माझी पेन्शन तिथूनच येते. उत्तर आलं. गाव पाण्याखाली गेल्यामुळे पद संपुष्टात आले असून, संपुष्टात आलेल्या पदावरून कोणासही मुक्त करता येत नाही. मसुदा निर्दोष होता. मीसुद्धा हाच केला असता. आम्ही अपील केलं. त्यावर विचारणा झाली : पदभार घेतल्याचा पुरावा काय?

"इतकंच ना?" अजिंक्य उठला. "काका, उद्या मी तिथे जातोच आहे. मी त्या वेशीवर उभा राहून—"

तोंड मीट! बस खाली.

...

तो शब्द या घरात कुणी उच्चारायचा नाही. थट्टेतही नाही.

पुराव्याचं सांगत होतो. विचारणा आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तनुजाने दार उघडलं तर चौकटीला एक काठी टेकून उभी होती. लोखंडी टोपणाची. गणराज आत झोपलेला, हात खरकटा. फाटकाला माझं कुलूप होतं, ते तसंच होतं. सुनावणीला हजर करायची म्हणून ती मी माझ्याकडे ठेवली. तिथे, टाकीच्या कोपऱ्यात आहे. बॅटरी मार. हं.

कितीतरी महिने झाले. या गच्चीवर दिवसभर ऊन असतं.

हात लाव, अजिंक्य. ओली आहे ना?

टोपणाचा गाळही ताजा आहे. मी रोज पुसतो.

सोजरबाईंना परवा फोन केला होता. म्हणाल्या, यंदा गाव वर आलंय, वेस रिकामी आहे. रात्री खालून हाका येतात. कोन हाय रं पहाऱ्याला... कुणी ओ देत नाही.

आता गप्प बसा जरा. ऐका. खालून येतोय आवाज.

"अहो, थोडा भात घ्या अजून... हात धुऊ नका... एवढा एक घास राहू दे."

सुनावणीची तारीख अद्याप मिळालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.