बंद काचेवरची वाफ

तुम्ही हसलात तरी चालेल, पण यातला एकही शब्द मी मनाचा घातलेला नाही.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय. भुताखेतांना मानत नव्हते.

बाळंतपणाची रजा संपवून रुजू झाले, त्याच आठवड्यातली भर दुपार. वरच्या मजल्यावर आमची लॅब. खाली पाळणाघर... तिथे माझी लेक.

मला ग्रिग्नार्ड नावाचं रसायन बनवायचं होतं. मॅग्नेशियमचा कीस, कोरडं ईथर, वरून थेंबथेंब ब्रोमाइड. औषधांचे रेणू जोडायला फार कामाचं. पण पाण्याशी हाडवैर! म्हणून फ्लास्क रात्रभर ओव्हनमध्ये वाळवायचा, आत नायट्रोजन भरायचा आणि सगळं हूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात करायचं.

तरी दोनदा फसलं.

दोन्ही वेळा फ्लास्कला आतून वाफ धरली होती... आरशावर कुणी श्वास सोडावा तशी.

"मामा, ओव्हन कोणी उघडला?" मी लॅबच्या मामांनाच धरलं.

"माझ्यावर कसला संशय घेतेस पोरी? त्या हूडमध्ये कुणाचंच जमत नाही. आधीच्या मॅडमचं ईथर तिथेच पेटलं. घाबरून एकाने बादलीभर पाणी ओतलं."

ग्रिग्नार्डवर पाणी? म्हणजे आगीत तेलच!

"मग त्यांचं काय झालं?"

मामांनी वर बघून हात जोडले आणि निघून गेले.

तिसऱ्या वेळीही फ्लास्क थंडच, म्हणजे क्रिया सुरूच झाली नव्हती. साहेब दारातून ओरडले, "अगं, ओत सगळं! होईल सुरू."

असं कधीच करायचं नसतं. ब्रोमाइड आत साठतं आणि मग एकदम उसळतं. पण साहेबांपुढे शहाणपण कोण करणार? मी हूडमध्ये हात घातला. ब्रोमाइडच्या फनेलची तोटी धरली.

तेवढ्यात... हूडच्या काचेवर वाफ धरली.

आतून.

विरली. पुन्हा धरली.

आत कुणीतरी श्वास घेत होतं...

मी किंचाळून हात मागे घेतला आणि फ्लास्क भसकन उसळला! ब्रोमाइड थोडंच पडलं होतं, म्हणून बर्फाने आवरलं. सगळं ओतलं असतं तर...

मी पाळणाघराकडे धावले.

"तुमची किंकाळी ऐकू आली ना, त्याच्या जरा आधी तुमच्या लॅबच्या मॅडम येऊन गेल्या," तिथल्या मावशी म्हणाल्या. "हात केवढे ओले त्यांचे! पुसून तरी यायचं."

लॅबमध्ये बाई म्हणून मी एकटीच होते.

लेकीचा गाल ओला होता. त्याला ईथरचा गोडसर वास येत होता.

मी नोकरी सोडली. पण अजूनही उकळून, वाळवून, झाकण लावून ठेवलेल्या दुधाच्या बाटलीला आतून वाफ धरते. नवरा म्हणतो, "तुला जिथे तिथे संशय!"

असू दे.

तिने मला वाचवलं, असं सगळे म्हणतात. मग वर मला थांबवायच्या आधी... ती खाली माझ्या लेकीकडे कशाला गेली होती?